जेरार्ड तुस्कानोचं राज्य

विजयकुमार ठोसर झेरॉक्सवर कधी विसंबत नसत. मशीन कागद किंचित ताणतं, म्हणून नकाशाची प्रत्येक कॉपी ते स्वतःची पट्टी लावून मोजायचे. माणसांच्या बाबतीतही त्यांचं हेच धोरण होतं. आखातात आल्यापासून ते अल कुसैस भागात राहत; तिथल्या त्यांच्या बिल्डिंगचा वॉचमन हमदुल्ला एखाद्या दिवशी जरा जास्त वाकून सलाम करायचा, तर याला आपल्याकडून काय हवंय, हे कोडं दाराचं कुलूप उघडेपर्यंत त्यांच्या डोक्यात घोळायचं.

अशा माणसाने आयुष्यात एकदाच कुणासाठी शब्द टाकला होता, तो वसईच्या जेरार्ड तुस्कानोसाठी.

ड्रेनेजची कामं घेणाऱ्या देऱ्यातल्या एका छोट्या कंपनीत ठोसर चीफ ड्राफ्ट्समन होते. एक जागा निघाली, जेरार्डचा अर्ज आला, आणि मॅनेजर अरुण कामेरकरांनी विचारलं, ओळखता का याला? ठोसर म्हणून गेले, माझाच माणूस आहे. ओळख तरी किती, तर मुंबईच्या जुन्या ऑफिसात जेरार्ड त्यांच्यापासून दोन टेबलं सोडून बसायचा आणि त्याच्या रेषा स्वच्छ असायच्या. घरी हे ऐकून बायकोने, विभावरीने, त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. "ताप तर नाही," ती म्हणाली.

जेरार्ड आला आणि रोल्ला भागात चौघांच्या खोलीत राहू लागला. त्याची बायको जॅकलीन वसईलाच होती. तो उंच, हडकुळा, बोलायला महाग. शुक्रवारी सुट्टी, तेव्हा चर्चमध्ये मिस्सा, बाकीचे दिवस काम. तीन वर्षं त्याच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती, आणि एवढी शांतता ठोसरांना अधूनमधून खटकायचीच.

सत्त्याण्णव साली कंपनीची लागोपाठ दोन टेंडरं गेली. दोन्ही वेळा एकाच कंपनीने यांच्यापेक्षा केसभर कमी दर भरला होता. अरुणने ठोसरांना केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"दर तिघांनाच माहीत असतात, ठोसर. मी, तुम्ही, आणि कामाला किती माल लागेल ती क्वांटिटी काढतो म्हणून तुमचा तो तुस्कानो. ते कोण फोडतंय, गुरुवारपर्यंत मला सांगा. नाहीतर तुम्ही दोघं एकत्र आहात असं मी समजेन. मग खलास, दोन्ही व्हिसे कॅन्सल."

ठोसरांची मुलगी शुभ्रा दहावीला होती. बोर्डाच्या परीक्षेला चार महिने उरले होते. व्हिसा गेला की शाळा, घर, सगळंच एका महिन्यात आवरावं लागणार.

त्या दिवसापासून ठोसरांना जेरार्डचं सगळंच दिसू लागलं. दुपारी एक ते चार ऑफिस बंद असे. सगळे घरी जाऊन जेवून झोपत, जेरार्ड मात्र कॉम्प्युटरसमोर बसून राही. एसी बंद असायचा, तरी बसायचा. कोण बसतं असं, फुकट?

मंगळवारी नकाशे छापणाऱ्या प्लॉटरनेच चुगली केली. अल कुसैसच्या गटारांचा जेरार्डने काढलेला नकाशा ठोसरांनी छापायला टाकला. काढलेलं सगळं एका कागदावर बसव, अशी त्यांची नेहमीची कमांड होती. कागद बाहेर आला तो जवळजवळ कोरा. अख्खं अल कुसैस एका कोपऱ्यात, काडेपेटीएवढं.

ठोसर खुर्चीत सरळ झाले. असं केव्हा होतं ते कुठल्याही ड्राफ्ट्समनला कळतं. नकाशा पारदर्शक थरांवर काढलेला असतो. एखादा थर नुसता बंद केला तर तो दिसत नाही, पण जागा अडवतोच. पुरता गोठवला तरच मशीन त्याला विसरतं. जेरार्ड घाईत गोठवायला विसरला होता. म्हणजे त्या कोऱ्या जागेत काहीतरी होतं.

त्यांनी तो थर चालू केला. पडद्यावर एक प्रचंड मुलूख उघडला. नद्या, किल्ले, रस्ते, घोड्यांचे तळ. गावांची नावं त्यांनी कधी ऐकली नव्हती. जागोजागी आकडे होते, आणि एका किल्ल्याशेजारी ४१८.

त्यांनी तो आकडा पुन्हा वाचला. गेलेल्या टेंडरात मोठ्या पाइपाचा दर मीटरला चारशे अठरा दिरहॅम होता.

बुधवारी जेरार्ड दुपारी बाहेर पडला, हातात कागदाची गुंडाळी. ठोसर मागोमाग निघाले. देऱ्यात त्या वर्षांत रशियन व्यापाऱ्यांची झुंबड असे. टीव्ही, कातडी जाकिटं, जे मिळेल ते पोती भरून विमानाने नेत. एका चहाच्या टपरीवर तसाच एक दाढीवाला बसला होता. जेरार्डने गुंडाळी त्याच्यासमोर पसरली. ठोसर जाऊन मध्येच उभे राहिले.

"काय विकतोयस?"

जेरार्डने वर पाहिलं. "विकत नाही, सर. दाखवतोय. हा तैमुराझ. बसा ना."

मग जे बाहेर आलं ते ठोसरांनी चहाला हात न लावता ऐकलं. तैमुराझ कॉकेशसच्या डोंगरातला. दोन वर्षांपूर्वी इथेच टेबल शेअर करताना त्याने जेरार्डचं आडनाव विचारलं होतं. पोर्तुगीज म्हटल्यावर तो हसून म्हणाला होता, मग आपण शेजारी. त्याचे पूर्वज अलान लोक, घोडेस्वार. रोमन साम्राज्य खिळखिळं झालं तेव्हा ते युरोपभर दौडत थेट पश्चिम टोकाला, आजच्या पोर्तुगालात, पोचले आणि तिथे त्यांनी राज्य मांडलं. थोडीच वर्षं टिकलं ते. जेरार्डच्या डोक्यात किडा शिरला: टिकलं असतं तर? आणि तो दुपारच्या सुट्टीत ते टिकवू लागला. किल्ले बांधले, रस्ते आखले, सवयीने शहरांना गटारंसुद्धा दिली.

"आणि चारशे अठरा?" ठोसरांनी विचारलं.

"साल आहे ते. त्या साली गॉथ टोळ्यांनी अलानांचा राजा मारला. माझ्या नकाशात तो वाचतो."

"छान जमवलंयस."

जेरार्डचा चेहरा पडला. पण तो गप्प बसला नाही. त्याने कागदाच्या डाव्या कडेला, समुद्राशी, अर्धवट काढलेल्या बंदरावर बोट ठेवलं. "इथे अडलोय, सर. अलानांचं राज्य टिकलं तर पोर्तुगाल होत नाही. घोडेवाले लोक, ते कशाला गलबतं हाकतील? मग वसईला कुणी येत नाही. आमचं चर्च नाही, तुस्कानो नाही, मी नाही. राज्य ठेवायचं तर मी जातो. दोन वर्षं हे बंदर पुरं होत नाहीये."

तैमुराझला भाषा कळत नव्हती, तरी तो मान हलवत होता. ठोसरांना त्याचाही संशय आला.

घरी येऊन त्यांनी शुभ्राला कॉम्प्युटरवरच्या एनसायक्लोपीडियाची सीडी लावायला सांगितली.

"बाबा, इट सेज फोर एटीन. दे लॉस्ट द किंग," ती म्हणाली. "व्हाय डू यू वॉन्ट टु नो?"

ठोसरांनी वाकून तो आकडा स्वतः वाचला. साल खरं निघालं. पण खऱ्या सालाच्या आडून खरा दर धाडता येत नाही, असं थोडंच आहे? जेवताना त्यांनी विभावरीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, चोर असता तर त्याने बरी थाप मारली असती. शेजारच्या मुलीलाही पटेल अशी. ही कुणाला पटणार?

गुरुवारी अरुणने विचारलं, "मग?"

"तो नाही."

"प्रूफ?"

नकाशा दाखवला तर अरुणला किल्ला दिसणार नाही, चारशे अठरा दिसेल, हे ठोसरांना लख्ख कळत होतं. "प्रूफ नाही. त्याला काढायचं तर मलाही काढा."

हे वाक्य आपल्या तोंडून गेलं याचा त्यांनाच धक्का बसला. अरुण म्हणाला, ठीक आहे, एक संधी. पुढच्या टेंडरचे दर तुस्कानोला कळायचे नाहीत. फक्त तुम्ही आणि मी. यल्ला, लागा कामाला.

ठोसरांनी दर स्वतः भरले. क्वांटिटी काढायला जेरार्डला दुसऱ्याच कामाची शीट दिली. पाकीट स्वतःच्या हाताने बंद केलं.

तेही टेंडर गेलं. त्याच कंपनीला, तसंच केसभराने.

ठोसर केबिनबाहेर उभे राहिले. आत गेल्यावर व्हिशाचं बोलणं निघणार, आपण काय म्हणायचं, हे ते मनात जुळवत होते. अरुणने दार उघडलं आणि त्यांच्याकडे न बघता म्हणाला, "मार्केटच खराब आहे, ठोसर. चहा सांगू?"

या वेळी दोघांनाच माहीत असलेल्या, तरी फुटलेल्या दराबद्दल एक शब्द नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही.

चहा त्यांनी नको म्हटला. दुपारी सगळे घरी गेल्यावर ते जेरार्डच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसले. एसी बंद होता. पडद्यावर अल कुसैसचं गटार होतं, दुसरं काही नाही. जेरार्डने भीतीने सगळं पुसून टाकलं होतं.

"तुझ्या ओळखीत दुसरीकडे कुठे जागा आहे का रे?" ठोसरांनी हळू आवाजात विचारलं.

जेरार्डने दाराकडे पाहिलं. "कुणासाठी, सर?"

"दोघांसाठी."