सुलाबाईंचा राजीनामा

मलकापूरच्या एका खाजगी दवाखान्यात सुलाबाई एकोणीस वर्षं वॉर्डात मावशीचं काम करत होत्या. ऑपरेशनला नेताना घाबरलेला पेशंट त्यांच्या बोलण्यानं शांत व्हायचा. अशा बाईंनी एका सोमवारी पेशंटच्या बहिणीवर सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असा आवाज चढवला. लगेच तिची माफीही मागितली, आणि दुपारी मेट्रन रेश्मा सिस्टरांच्या टेबलावर राजीनामा ठेवला.

सिस्टरांनी तो वाचून ड्रॉवरमध्ये टाकला. "आधी प्रांजलला भेटा. मग बघू."

प्रांजल ही दवाखान्यानं फक्त कर्मचाऱ्यांसाठी नेमलेली समुपदेशक. तळमजल्यावरच्या तिच्या खोलीकडं कुणी फिरकत नसे. तिथं बोललेलं मोठ्या डॉक्टरांच्या कानावर जातं, अशी सगळ्यांची समजूत.

सुलाबाई खुर्चीच्या टोकावर बसल्या. "मी काय यडी न्हाई, बाई."

"मला ठाऊक आहे. आणि तुम्ही हो म्हटल्याशिवाय इथलं काही बाहेर जाणार नाही."

मग हळूहळू निघालं. त्यांचे मालक मल्हार यांचा जन्म कवठे महांकाळच्या माळावर मेंढरांमागं गेलेला. गुडघे धरले म्हणून वर्षापूर्वी कळप विकला आणि ते मलकापूरला बायकोच्या दोन खोल्यांत आले. तेव्हापासून भिंतीकडं तोंड करून बसायचे. जेवण अर्धंच.

"गावाला जाऊ म्हणत्यात. मी हितं कामावर, पर चित्त सगळं घराकडं. मग कुणावर तरी खेकसती."

प्रांजलनं मल्हारना बोलावलं. ते पटका बांधून आले. "मला काय झालं न्हाई. जवळ जनावर न्हाई, एवढंच."

हाडांच्या डॉक्टरांनी गुडघे तपासले. थोडं चालणं चांगलंच, म्हणाले. मग सुलाबाईंना विचारून प्रांजलनं स्टाफमध्ये चौकशी केली. एक्स-रेवाल्या सयाजीचं घर उसाच्या मळ्यात होतं. दारात बारा शेळ्या, आणि आई थकलेली.

"आबा, लांब जायचं न्हाई. बांधावरच चारायच्या," सयाजी म्हणाला.

मल्हारनी पहिल्याच दिवशी एकेक शेळी हातानं चाचपली. "हिच्या खुरात काटा हाय. तुमाला दिसला न्हाई व्हय रं?" त्या संध्याकाळी त्यांनी दुसरी भाकरी मागून घेतली.

पंधरा दिवसांनी रेश्मा सिस्टरांनी ड्रॉवर उघडला. "मावशी, ह्या कागदाचं काय करू?"

"फाडा. आमचं मालकच आता गावाला यायला तयार न्हाईत."

पुढच्या महिन्यात कोयनानगरहून आलेली नवी नर्स अपेक्षा चादरींच्या खोलीत रडताना सुलाबाईंना दिसली. त्यांनी हात धरून तिला तळमजल्यावर नेलं.

"आत जा, पोरी. ह्या बाईंच्या पोटात ऱ्हातंय. तुझा वॉर्ड मी बघते तवर."