फोनने ओळखलेली ओढाताण

ही वही कुणाच्या हाती पडली, तर शुद्धलेखनाच्या चुका आणि वाकडं अक्षर पोटात घालावं. मुलीच्या फोनवर साड्यांच्या जाहिराती येतात. माझ्या फोनवर कुकरची रिंग, मिक्सरचं झाकण आणि चपलेचे पट्टे. दोन वर्षं मी तेवढंच, तेही सगळ्यांत स्वस्त, शोधत आले. "आई, फोनला वाटतं आपल्या घरात सगळं मोडकंच आहे," मुलगी हसते. यांच्या ऑपरेशनसाठी थोरल्या जाऊबाईंनी पाटल्या मोडून पैसे दिले, हे मी कुणाला सांगितलं नाही. फोनने मात्र न सांगता माझी ओढाताण ओळखली.

आज शेवटचे पैसे जाऊबाईंच्या हातात ठेवले. "फिटले सगळे. आता तरी बसून चहा घे गं," त्या म्हणाल्या. दोन वर्षं त्यांच्या घरी मी उभ्यानेच चहा पीत होते. आज खुर्चीवर बसले.