आमच्या लेकाचं हेल्मेट

माझा मुलगा जन्मला तेव्हा त्याचं डोकं लांबट होतं, होडीसारखं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. पेणला रामवाडीत आमचं घर. सासूबाई म्हणाल्या, "तेल चोळून गोल करीन मी, काळजी नको करू गो." त्या रोज त्याला मांडीवर घेऊन चोळायच्या, पण डोकं लांबट ते लांबटच. लस टोचायला नेलं तेव्हा डॉक्टरीणबाई टाळूवरून बोट फिरवता फिरवता थांबल्या. डोक्याच्या हाडांची मधली शिवण वेळेआधीच जुळली होती. कवटीला रुंदीत वाढायला वावच नव्हता.

"हे तेलानं व्हायचं नाही," त्या म्हणाल्या. "मुंबईला न्या."

ऑपरेशन झालं. त्या दिवसांबद्दल फार लिहवत नाही. शुद्धीवर आल्यावर तो दूध प्यायला आणि आम्ही दोघं जिन्यात बसून रडलो. मग सर्जननी सांगितलं, हाड मोकळं केलंय, आता ते गोल वाढावं म्हणून हेल्मेट घालायचं. आंघोळीपुरतं काढायचं, बाकी दिवसरात्र डोक्यावर.

माप घ्यायला त्याच्या डोक्याला प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या गुंडाळल्या. माझे यजमान गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करायचे, प्लास्टर त्यांच्या रोजच्या हातातलं. पण त्या दिवशी ते घाबरले.

"सुकताना गरम होतं ना हे?" त्यांनी विचारलं.

"फार तापायच्या आत काढतो," माप घेणारा म्हणाला. तरी ह्यांनी पट्टीवर ठेवलेला हात काढला नाही.

हेल्मेट पांढरं होतं, आतून मऊ फोम. सासूबाईंना ते बघवत नव्हतं. "लेकराच्या डोक्यावर हंडी घातलीत," म्हणून त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पण कानामागं लाल चट्टा उठलेला आधी त्यांनाच दिसला. आम्ही मुंबईला जाऊन त्या जागेचा फोम घासून आणला. तेव्हापासून हेल्मेट सासूबाईंच्या ताब्यात. उन्हाळ्यात आत घाम साचून आंबूस वास यायचा. त्या ते स्पिरिटनं पुसायच्या, पंख्याखाली वाळवायच्या, आणि तेवढ्या वेळात लेकाच्या उघड्या डोक्याचे पापे घ्यायच्या. ह्यांनी डॉक्टरांना विचारून बाहेरून त्यावर एक मोरपीस रंगवलं.

उष्टावणासाठी रोह्याला माझ्या माहेरी निघालो, तेव्हा गाडीत समोर रिकामी पाटी घेऊन एक कोळीण बसली होती.

"कं गो, बापूस फटफटीवर नेतो काय याला?" तिनं विचारलं.

मी सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "म्हंजे पडवलाला दगड बांधतात सरल वाढाया, तसा. व्हय ना?"

"व्हय, तसंच," मी म्हटलं. आम्ही दोघी हसलो. उतरेपर्यंत तो तिच्याच मांडीवर होता.

रोह्यात माझ्या भावानं त्याला खीर चाटवली. निम्मी हेल्मेटच्या पट्ट्यावर सांडली. आळीतली पोरं मोरपिसावर टकटक करायला रांगेत उभी राहिली आणि हा प्रत्येक टकटकीला हसत होता.

वाढदिवसाच्या सुमारास डॉक्टरांनी हेल्मेट कायमचं काढलं. डोकं छान गोलसर झालं होतं, केसांतून व्रणाची रेघ तेवढी दिसायची. घरी आल्यावर गंमत झाली. रांगायला, उभं राहायला तो हेल्मेट घालूनच शिकलेला. भिंतीवर, पलंगावर खुशाल डोकं आपटून पुढं जायची त्याला सवय. त्या संध्याकाळी तो तसाच दाराच्या चौकटीवर जाऊन आदळला. क्षणभर आमच्याकडं नुसता बघत राहिला, कुणीतरी फसवल्यासारखा. मग त्यानं जो भोंगा पसरला, तो शेजारपाजारापर्यंत गेला.

सासूबाई धावल्या, त्याला उचललं, टेंगूळ चोळायला लागल्या. "लागतं हो बाळा, सगळ्यांनाच लागतं," त्या म्हणत होत्या, आणि त्यांना हसू आवरत नव्हतं.