गाडीचा गॅस

कारखान्यांच्या प्रदूषणाविरुद्धची पत्रकं वाटून किनाऱ्यावरच्या मुरबे गावातून निघालो तेव्हा पोटात तांदळाची भाकरी आणि भाजलेला बोंबील होता. ज्या अंजूकाकीनं ते वाढलं, ती मागच्या सीटवर धापा टाकत होती. न्याहारीनंतर तिचा दमा उसळला, पंपातलं औषध संपलेलं, आणि दारात माझीच गाडी. बोईसरचा दवाखाना गाठायचा होता.

"समुद्रात नाय बुडाले," ती म्हणाली, "तुज्या गाडीत बुडवशील." हसायला श्वास पुरला नाही.

कारखान्यांची वसाहत लागली आणि गाडी गचके देऊ लागली. मागून शिट्टीसारखा श्वास. एका गॅरेजपुढे गाडी कशीबशी थांबवून मी ओरडलो, "लवकर बघा, गॅस गळतोय बहुतेक."

शेजारच्या टपरीवरची माणसं उठली. कुठे, कसा, कुणी विचारलं नाही. वारा कुठून येतोय एवढं पाहून, गॅस मागे राहावा म्हणून, सगळी त्या दिशेला पळाली. मेकॅनिकनं आतून शटर ओढलं. काकीनं पदर तोंडावर दाबला, तशी तिची धाप वाढली. क्षणभर मलाही वास आला, खरंच आला.

मी शटरवर थापा मारल्या. "गाडीचा. गाडीचा गॅस."

शटर हातभर वर झालं. "तो पहले गाडी बोलो ना, भाई. यहाँ गॅस मतलब कंपनी की गॅस."

त्यानं इंजिनाचा आवाज ऐकला. "पेट्रोल पे डालके देखा?"

"मी सीएनजीवरच चालवतो, पेट्रोल वापरत नाही. तत्त्व आहे. सुरू होण्यापुरतंच ठेवतो."

"तत्त्व बाद में. माताजी को देखो." त्यानं पेट्रोलचं बटण दाबलं. गचके थांबले. "प्लग ठीक है. गॅस का फिल्टर जाम होगा. अभी ऐसे ही जाओ."

पेट्रोलचा काटा तळाला टेकलेला. दवाखान्याच्या फाटकापर्यंत मी रस्त्याकडे कमी, काट्याकडे जास्त पाहिलं. काकीला मास्क लागला, ओठांचा रंग परतला.

काकीच्या घरचे आल्यावर मी निघालो आणि परतताना टपरीवाल्या बाईची माफी मागायला थांबलो. तिचा चहा उतू जाऊन करपला होता.

"खोटा निघाला ना?" ती पातेलं घासत म्हणाली. "मंग बरा झाला. आमी रोज देवाकडं तेच मागतो."

मनोरच्या पंपावर पेट्रोलची टाकी भरली आणि हायवेला लागलो. घर येईपर्यंत काचा वरच होत्या. पत्रकांत मी 'वायुगळती' हा शब्द किती वेळा ठळक छापला आहे. त्या वसाहतीत तो पुरता ऐकायलाही कुणी थांबत नाही.