नवीन नसा कधी उगवणार?

किस्से गोळा करावे लागत नाहीत. इचोड्यातल्या आमच्या बारा खाटांच्या दवाखान्यात ते पेशंटबरोबरच दाखल व्हायचे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी तिथे नवाकोरा डॉक्टर होतो आणि मला कशाचीच वाट बघवत नव्हती!

नार्नूरकडचे कापूसवाले गणपतकाका आले. बिड्यांनी पायाच्या रक्तवाहिन्या बंद पडलेल्या, अंगठा काळा. आमचे सर्जन सर म्हणाले, "पाय कापावा लागेल." त्याच आठवड्यात हैदराबादच्या मित्राने एक झेरॉक्स पाठवली होती. अशा पायांत जीन, म्हणजे जनुक, टोचून नव्या रक्तवाहिन्या उगवतात का, हे परदेशात तपासत होते. मी धावतच वॉर्डात गेलो. "काका, पायात नव्या नसा उगवतील!"

"म्हंजे बी पेरता?"

"तसंच!"

"मंग कोनाच्या वावरात उगवलं, ते पाह्यलं काय?"

*

बिडी बंद केली. तिसऱ्या दिवशी काकांच्या उशीखाली बंडल! सोबतीला राहिलेल्या त्यांच्या बायको, काकी, पुढे झाल्या, "ते माहं हाय!" सरांनी त्यांना बाहेर ओट्यावर नेलं आणि काडीपेटी पुढे केली. एका झुरक्यात काकींचा खोकून जीव अर्धा झाला.

काका खाटेवरून म्हणाले, "पाहा डाक्टरसाब, आधी हिची सोडवा!"

*

एसटीडी बूथवरून मित्राला फोन लावला. लाइन खराब, म्हणून ओरडलो, "पायात इंजेक्शन! नव्या नसा!" दुसऱ्या दिवशी बूथवर ते ऐकलेला एक शेतकरी लंगडा बैल घेऊन दारात. "याले आधी देऊन पाहा. मानसाले मंग द्या!"

सर मला म्हणाले, "संशोधनाची पद्धत याला तुझ्यापेक्षा जास्त कळते."

*

मित्राचं पत्र आलं. प्रयोग पहिल्या पायरीवर, भारतात कधी येईल सांगता येत नाही. 'थांब,' असं लिहिलं होतं. थांब! इकडे काळेपणा पावलावर चढत होता. मी सरांशी भांडलो, "आठ दिवस द्या!"

"मी देईन रे. पाय देईल का?"

पाय कापावाच लागेल, हे काकांना मीच सांगितलं. त्यांनी चादर पायावर ओढून घेतली. मग म्हणाले, "पन दवाई येनार हाय ना?"

"येईल, कधीतरी."

*

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सरांनी गुडघ्याखाली जांभळ्या औषधाने रेघ मारली. इथून कापायचं. सकाळी चादर उचलली, तर रेघ गायब! साबणाने घासून कातडी लाल झालेली. आणि खाली पावलावर, काळं संपतं तिथे, काकींच्या कुंकवाची बारीक रेघ.

सर काही बोलायच्या आत काका म्हणाले, "साब, इथपर्यंत घ्या. दवाई आली, तं टोचाले पाय लागन ना?"