लाड बाजारातला चुडीवाला

निजामाच्या अमदानीत मी सरकीच्या सौद्यासाठी कळमनुरीहून हैदराबादेला गेलो होतो. लेकीचं लग्न ठरलं होतं. तिनं एकच मागितलं होतं, चारमिनारजवळच्या लाखेच्या बांगड्या. मनगटाच्या मापाचा दोराही दिला होता.

लाड बाजारात एक म्हातारा चुडीवाला भेटला. शेगडीवर लाख नरम करायची, बोटांनी वळायची, दोऱ्याशी ताडून पाहायची, मग डोळे बारीक करून एकेक आरसा बसवायचा. घाई म्हणून नाही. पहिली बांगडी मापाची उतरल्यावर मी भाव पाडायला लागलो. तो हलेना, तसा संतापून उठलो. आमच्या बाजारात उठलेल्या गिऱ्हाइकाला दहा पावलांवर हाक येतेच. त्या जोरावरच मी धंद्यात वर आलो.

त्यानं हाक मारली नाही. मी पत्थरगट्टीची दुकानं पाहिली, नदीवरचा पूल ओलांडून बेगम बाजार पालथा घातला. तशी बांगडी कुठं दिसली नाही. परतलो, तर माझ्या मापाच्या त्या बांगडीची लाख वितळवून त्यानं पुन्हा गोळा केला होता.

"हाक मारायची होती," मी चिडून म्हणालो.

"जानेवाले को हम आवाज नै देते, सेठ."

मागेल तो भाव कबूल केला. तरी त्यानं दोरा माझ्या हातावर परत ठेवला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाचं माप घेऊ लागला.

त्याच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. घरी सांगितलं, तिथला माल खोटा असतो. लेक माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"आबा," ती म्हणाली, "तुमी दुकानातून उठून आलाव, व्हय?"