बिजागरीखालचं पॅकिंग

आमच्याकडे दोन वस्तूंमधला थोडासा फरक भरून काढायला जे काही पातळ सारतात, त्याला पॅकिंग म्हणतात. कूलरच्या स्टँडखाली फरशीचा तुकडा, विहिरीवरच्या मोटारीच्या पायाखाली पत्र्याची पट्टी, डुगडुगत्या बाजेखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा. त्याची किंमत काही नसते. जाडी मात्र बरोबर लागते.

बाबांचा उजवा हात अर्धांगाच्या झटक्यात गेला, त्या पावसाळ्यात न्हाणीघराचं दार खाली घासू लागलं. घर काळ्या मातीवर आहे, पाण्याने जमीन फुगते. दार उचलून धरल्याशिवाय कडी भोकात जात नव्हती, आणि डाव्या हाताने बाबांना ते जमत नव्हतं. मग दार लोटून मी बाहेर उभा राहायचो.

त्यांनी पाणी पिणं कमी केलं. संध्याकाळी उशाचा तांब्या भरलेलाच असे, चहा अर्धा परत येई. लघवी गडद होऊ लागली, तेव्हा मला कळलं: मी दाराबाहेर उभा असताना आत जावं लागू नये, म्हणून ते पीत नव्हते.

मी सुतारमिस्त्रींना बोलावलं. ते दुपारच्या नमाजानंतर आले. मी म्हणालो, "खालून रंधा मारून टाका."

"रंधा नोको मारू," बाबा बाजेवरून म्हणाले. "उन्हाळ्यात जमीन बसली का खालून फट पडन. मंग काय पडदा लावशीन?"

मिस्त्री हसले. "काका बरोबर बोलून राह्यले. पॅकिंगनं होते. घरात लग्नाची पत्रिका हाये का एखादी? जाड पाह्यजे."

मी पत्रिका दिली.

"गणपती नोको कापू बे," बाबा म्हणाले.

"हाव काका, तेवढं मलेबी समजते." त्यांनी गणपतीचा भाग आधी कापून माझ्या हातात दिला. उरलेल्या पुठ्ठ्याची पट्टी करून खालच्या बिजागरीमागे सारली, स्क्रू आवळले. कडी भोकाच्या कडेवर अडली. आणखी एक पट्टी घातली. दार कडेने उचललं गेलं.

बाबा काठी घेऊन उठले. मी सवयीने मागे गेलो.

"तू कुठी येऊन राह्यला? बस तिकडं."

दार लागलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला. मिस्त्री हत्यारं गोळा करायचे थांबले.

बऱ्याच वेळाने बाबा बाहेर आले, सावकाश बाजेवर टेकले.

"चाय ठेवाले सांग," ते म्हणाले. "मिस्त्रीले अन् मले. मले पुरा कप."